हुल्दाची गाळलेली सात वचने

प्रश्न विचारावा आणि उत्तर येण्याआधीच पान उलटावे, अशा वाचकाला आपण उतावळा म्हणू. परंतु हेच जर भर उपासनेत, वेदीसमोर, अधिकृत ग्रंथातून घडू लागले, तर त्याला काय म्हणावे? दर सम वर्षी, सामान्य काळाच्या बाराव्या आठवड्यातील बुधवारी, मिस्साच्या पहिल्या वाचनात नेमके हे घडते. राजा योशीया परमेश्वराला कौल विचारण्यासाठी आपली माणसे धाडतो. पुढच्याच वाक्यात तो प्रजेला मंदिरात जमवून करार करताना दिसतो. माणसे कोठे गेली, कोणाला भेटली, काय उत्तर घेऊन परतली, याचा काहीच पत्ता लागत नाही. उत्तर हरवलेले नाही. ते बायबलमध्ये जागच्या जागी आहे, अवघ्या सात वचनांचे आहे (२ राजे २२:१४-२०), आणि ते देणारी व्यक्ती एक स्त्री आहे : हुल्दा संदेष्ट्री.

हा लेख त्या सात वचनांची वकिली करण्यासाठी आहे. ती मिस्साच्या वाचनात परत आली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती येईपर्यंत आपण आपापल्या धर्मग्रामांत आणि घरांत ती मुद्दाम वाचली पाहिजेत.

प्रथम प्रसंग नीट पाहू. इसवी सनापूर्वी सुमारे ६२२ वर्षे. यहूदाच्या गादीवर योशीया आहे. आठव्या वर्षी राजा झालेला हा पुरुष आता सव्वीस वर्षांचा आहे. जेरुसलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडतो. तो ग्रंथ चिटणीस शाफान याच्या हाती जातो, आणि शाफान तो राजाला वाचून दाखवतो. राजा ऐकतो आणि आपली वस्त्रे फाडतो. आपल्या पूर्वजांनी यातील शब्द पाळले नाहीत, म्हणून परमेश्वराचा कोप आपल्यावर भडकला आहे, हे त्याला उमगते. हा ग्रंथ म्हणजे अनुवाद या पुस्तकाचा गाभा असावा, असे मत डी वेट या जर्मन अभ्यासकाने १८०५ साली मांडले आणि तेव्हापासून बहुतेक अभ्यासक ते मान्य करीत आले आहेत. संत जेरोमसारख्या प्राचीन धर्मपंडितांनीही तो ग्रंथ अनुवादच मानला होता. म्हणजे आज आपल्या बायबलमध्ये असलेल्या एका महत्त्वाच्या ग्रंथाचा हा पहिला जाहीर उदय होय.

आता राजापुढे प्रश्न आहे. सापडलेले हे शब्द खरोखर देवाचे आहेत काय? असतील, तर आपले काय होणार? तो पाच जणांचे शिष्टमंडळ नेमतो : मुख्य याजक हिल्कीया, शाफानाचा मुलगा अहीकाम, मीखायाचा मुलगा अखबोर, चिटणीस शाफान आणि राजाचा सेवक असाया. याजक, लेखक आणि दरबारी असे राज्यातील सारे अधिकार या पाचांत एकवटले आहेत. हे पाचजण कोणाकडे जातात? यिर्मया त्या वेळी पाच वर्षे संदेश देत होता. सफन्याही योशीयाच्याच काळातला. तरीही ही मंडळी जेरुसलेमच्या दुसऱ्या विभागात राहणाऱ्या हुल्दाच्या घरी जातात. तिचा नवरा शल्लूम हा वस्त्रागाराचा रखवालदार. तिला दरबारात बोलावून घेतले नाही. मुख्य याजक स्वतः तिच्या दारी गेला.

बायबलचा लेखक हे सारे साध्या वाक्यांत सांगतो. त्याला यात नवल वाटत नाही, आणि स्त्रीकडे का गेले याचे स्पष्टीकरण द्यावे असेही वाटत नाही. नवल वाटले ते पुढच्या काळातील पंडितांना. यहुदी तालमूदमधील ‘मेगिल्ला’ या प्रकरणात त्यांनी प्रश्न उपस्थित केला की, यिर्मया असताना हुल्दाने संदेश दिलाच कसा? कोणी म्हणाले, ती यिर्मयाची नातलग होती, म्हणून त्याने मनावर घेतले नाही. कोणी म्हणाले, स्त्रिया कनवाळू असतात, म्हणून राजाने तिची निवड केली. कोणी सुचवले, यिर्मया तेव्हा गावातच नव्हता. तिच्या नावाचा अर्थ एका क्षुद्र प्राण्याशी जोडून तिला गर्विष्ठ ठरवणारेही त्याच पानांवर भेटतात. राजाचा उल्लेख तिने नुसता माणूस म्हणून केला, हा तिचा अपराध. तरीही त्याच पंडितांनी इस्राएलच्या सात संदेष्ट्रींमध्ये तिचे नाव आदराने गोवले आहे, हे विसरता कामा नये. त्यांनी कुरकुर केली, पण तिला गाळले नाही. गाळण्याचे काम आपल्या वाट्याला आले.

हुल्दा बोलली ते काय? इतर संदेष्टे जशी परमेश्वराच्या नावाने सुरुवात करतात, तशीच ती करते. समोर मुख्य याजक उभा आहे म्हणून तिचा आवाज खाली येत नाही. ग्रंथातील शब्द खरे आहेत, असा ती निर्वाळा देते. या नगरावर जे अरिष्ट यावयाचे ते येणार आणि ते टळणार नाही, असे ती स्पष्ट सांगते. आणि मग राजापुरता एक दिलासा देते : त्याचे मन कोमल झाले, तो देवापुढे नम्र झाला, तो रडला, म्हणून देवाने त्याचे ऐकले आहे, हे अरिष्ट त्याच्या डोळ्यांना पाहावे लागणार नाही. योशीया इसवी सनापूर्वी ६०९ साली मगिद्दोच्या लढाईत मिसरच्या राजाकडून मारला गेला. त्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी जेरुसलेम बाबेलच्या हाती पडले. राजाला शांतीने मूठमाती मिळेल, या तिच्या शब्दांशी रणांगणावरील मरण कसे जुळते, असा प्रश्न अभ्यासक विचारतात, आणि तो रास्त आहे. परंतु बायबलच्या लेखकाने तिचे शब्द बदलले नाहीत, की राजाचे मरण लपवले नाही. दोन्ही त्याने शेजारी शेजारी ठेवली. कात्री न लावण्याचा प्रामाणिकपणा आपण त्याच्याकडून शिकावा.

लेखाचा खरा मुद्दा येथे येतो. हुल्दाचे शब्द वगळले की केवळ एक स्त्री वगळली जाते, असे नाही. सारी कथाच बदलून जाते.

मिस्सामध्ये आपण जी कथा ऐकतो तिचा अर्थ असा होतो : ग्रंथ सापडला, राजा घाबरला, त्याने लगेच करार केला. ऐकणाऱ्याला वाटते की, करार केला म्हणून संकट टळले असणार. देवाचे आणि राजाचे जणू देवघेवीचे गणित जमले. आता गाळलेली सात वचने जागी ठेवून पुन्हा वाचा. राजाला उत्तर मिळाले आहे. नगर वाचणार नाही, हे त्याला कळले आहे. त्याच्या सुधारणेने निकाल फिरणार नाही. आणि तरीही तो उठतो, लहानथोरांना मंदिरात जमवतो, ग्रंथ वाचून दाखवतो, आणि पूर्ण मनाने देवाच्या आज्ञा पाळण्याचा करार करतो. हा करार फळाच्या आशेने केलेला नाही. देव देव आहे म्हणून केलेला आहे. जुन्या करारातील निरपेक्ष आज्ञाधारकतेच्या थोर प्रसंगांपैकी हा एक आहे, आणि त्याचे थोरपण संपूर्णपणे हुल्दाच्या उत्तरावर उभे आहे. ते उत्तर काढले की उरते ती नवस बोलणाऱ्या राजाची सामान्य गोष्ट. नोव्हेना केली, मेणबत्ती लावली, तर देवाने काम केलेच पाहिजे, असे मानणाऱ्या आपल्या भाविकतेला जी कथा हलवून जागे करू शकली असती, तीच कथा आपण बोथट करून ऐकवतो.

आणखी एक गोष्ट. त्याच बुधवारचे शुभवर्तमान मत्तयच्या सातव्या अध्यायातील आहे. खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, झाड फळांवरून ओळखा, असे प्रभू येशू तेथे शिकवतो. ज्या दिवशी खऱ्याखोट्या संदेष्ट्याची पारख हाच विषय आहे, त्याच दिवशी खरी संदेष्ट्री वाचनातून बाहेर काढली जाते. दोन वाचने समोरासमोर ठेवली असती, तर कोणत्याही धर्मगुरूला त्या दिवसाचे प्रवचन आयतेच सापडले असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वेळेचा. रोजच्या मिस्साला लोक कामावर जाण्याच्या घाईत असतात, वाचने आखूड ठेवावीच लागतात. मान्य. पण त्या दिवशी नऊ वचने वाचली जातात. गाळलेली सात धरली तर सोळा होतात. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी दानिएलच्या पुस्तकातील सुसान्नाची कथा नेमलेली आहे. तिच्या पूर्ण रूपात पन्नासहून अधिक वचने आहेत. तेथे आखूड रूपाची मुभा ठेवली, परंतु पूर्ण कथा ग्रंथात राहू दिली. हुल्दाला अशी मुभाही मिळाली नाही. सोळा वचने वाचण्यास जादा लागणारा वेळ एक-दोन मिनिटांचा आहे. त्याहून अधिक वेळ आपण सूचना वाचण्यात घालवतो.

दुसरा आक्षेप असा की, हे मुद्दाम कोणी केलेले नाही, उगाच हेतू चिकटवू नका. मीही हेतू चिकटवीत नाही. ज्यांनी १९६९ साली हा वाचनक्रम सिद्ध केला, त्यांचे ख्रिस्तसभेवर थोर उपकार आहेत. बायबलचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक उदारपणे खुले करावे, असा आदेश दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीच्या दस्तऐवजात दिला होता. त्यांनी तो मोठ्या कष्टाने अमलात आणला. परंतु चांगल्या हेतूने झालेली चूकही चूकच असते. शिवाय कसोटी माझी नाही, त्यांचीच आहे. वाचनग्रंथाच्या १९८१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वचने गाळण्याविषयी नियम सांगितला आहे : गाळणे हे सहजासहजी करण्याचे काम नाही, आणि उताऱ्याचा मूळ अर्थ अबाधित राहिला पाहिजे. राजाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काढून टाकल्यावर अर्थ अबाधित राहतो, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? ग्रंथाने स्वतः घातलेली अट ग्रंथच येथे मोडतो. आपली मागणी एवढीच आहे की, ही अट पाळली जावी.

आणि हे एकटे प्रकरण असते, तर नजरचूक म्हणून सोडूनही दिले असते. पण निर्गमाच्या पहिल्या अध्यायातून फारोची आज्ञा मोडून हिब्रू बाळांना वाचवणाऱ्या शिप्रा आणि पुवा या सुईणी वगळल्या आहेत. वाचन चौदाव्या वचनावरून थेट बाविसाव्यावर उडी घेते. शास्ते या पुस्तकातील निवडीत इस्राएलचा न्याय करणारी दबोरा नाही. मात्र बापाच्या नवसापायी बळी गेलेली इफ्ताहची मुलगी आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाचे वाचन तिसऱ्या वचनापासून सुरू होते, आणि किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी पहिल्या दोन वचनांतच मागे राहते. २ फेब्रुवारीच्या सणाला शुभवर्तमानाचे आखूड रूप वाचले, तर वृद्ध शिमोन ऐकू येतो आणि संदेष्ट्री हन्ना ऐकू येत नाही. रूथ, शमुवेलची आई हन्ना आणि सुसान्ना यांना वाचनात जागा आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण सोसणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या, वाट पाहणाऱ्या स्त्रीला जागा सहज मिळते आणि निर्णय सांगणाऱ्या स्त्रीपाशी आली की कात्री चालते, हा आकृतिबंध डोळे मिटून घेतल्याशिवाय दिसेनासा होत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडे विशेष ऐकू येतो : हे बाहेरून आलेले स्त्रीमुक्तीचे वारे आहे, आमच्या भोळ्याभाविक घरांत ते कशाला आणता? यावर माझे उत्तर असे की, हुल्दा बाहेरून आलेली नाही. ती पवित्र शास्त्रातून आलेली आहे, आणि तेही दोनदा. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात. तिने जागा मागितली नव्हती, मोर्चा काढला नव्हता. मुख्य याजकाला तिची गरज पडली म्हणून तो गेला. शास्त्रात असलेले वाचा, असे म्हणणे जर बाहेरचे वारे ठरत असेल, तर आतले ते कोणते?

पण दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. हुल्दाचे नाव हाती आले की, तिच्या आधारे आजचे सारे वाद एका फटक्यात निकालात काढण्याचा मोह काहींना होतो. हुल्दा याजक नव्हती. तिच्या दारी याजक आला होता. त्याच्या कामावर तिने हक्क सांगितला नाही आणि आपले काम त्याच्या हाती सोपवले नाही. ग्रंथ सापडला याजकाला, वाचला चिटणिसाने, पाळला राजाने. पण तो देवाचा आहे, हे सांगितले हुल्दाने. पवित्र लेखनाच्या एखाद्या ग्रंथाला असा निर्वाळा दिल्याचा बायबलमधील हा पहिला प्रसंग मानला जातो. एवढे मोठे काम तिच्या नावावर असताना, तिला दुसऱ्या कोणत्या वादाचे हत्यार बनवण्याची गरज नाही.

त्या पाचांतील अहीकामचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. योशीयाचा मुलगा यहोयाकीम याच्या राज्यात यिर्मयाला ठार मारण्याची मागणी झाली, तेव्हा त्याच्या पाठीशी उभा राहून त्याचा जीव वाचवणारा हाच अहीकाम (यिर्मया २६:२४). कटू संदेश ऐकून घेण्याचा धडा त्याने कोठे गिरवला होता, ते आपल्याला ठाऊक आहे. संदेष्ट्याचे ऐकण्याची सवय समाजाला लावावी लागते. ती सवय वाचनाने लागते.

आपल्या लोकांसाठी हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. त्याचा पहिला भाग त्यांनी जुन्या करारासाठी राखून ठेवला, कारण कथा कानावर पडल्याशिवाय श्रद्धा मुरत नाही, हे ते जाणून होते. आजही आपल्या बहुसंख्य कुटुंबांना बायबल भेटते ते मिस्सामध्ये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ कपाटात असला, तरी राजांचे दुसरे पुस्तक घरी बसून वाचणारे किती? जे वेदीसमोर वाचले जात नाही, ते सामान्य श्रद्धावंतासाठी नसल्यातच जमा होते. त्याच वेदीसमोर आज वाचनमंचावर आपल्या मुली, सुना, आया उभ्या राहतात. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचकाची विधिवत सेवा स्त्रियांनाही खुली केली. म्हणजे आता असे घडते : एक स्त्री मंचावर येते, योशीयाचा प्रश्न स्पष्ट आवाजात वाचते, आणि ज्या स्त्रीने त्याचे उत्तर दिले तिला ओलांडून पुढे जाते. तिच्याच तोंडून तिची पूर्वज गाळली जाते, आणि बहुधा तिला ते कळतही नाही.

हे बदलता येणार नाही, असे कोणी म्हणू नये. मग्दालिया मरियेचा स्मरणदिन २०१६ साली सणाच्या दर्जाला चढवण्यात आला. २०२० साली भारतासाठी इंग्रजी वाचनग्रंथाचे भाषांतर बदलले. निवड मात्र जुनीच राहिली. जे भाषांतर बदलू शकतात, ते सात वचनांसाठी विनंतीही करू शकतात. निवडीचा अंतिम अधिकार रोमकडे आहे, हे खरे. पण रोमला विनंती बिशपांच्या परिषदेकडून जाते, परिषदेकडे ती धर्मप्रांतातून जाते, आणि धर्मप्रांतात ती धर्मग्रामातून, म्हणजे तुमच्याआमच्याकडून जावयास हवी. एक साधे, आदबशीर पत्र, ज्यात वाचनग्रंथाच्या प्रस्तावनेतील अट आणि ही सात वचने समोरासमोर ठेवलेली असतील, एवढे पुरे आहे.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. त्या आठवड्यात बायबल अभ्यासवर्गात बाविसावा अध्याय सलग वाचावा. धर्मगुरूंनी प्रवचनात राजाचा प्रश्न अर्ध्यावर न सोडता हुल्दाचे उत्तर सांगावे; त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना यशया, यिर्मया, आमोस यांच्या बरोबरीने हुल्दाचे नाव पाठ व्हावे. आणि घरी, संध्याकाळच्या रोझरीनंतर, थोरल्या मुलीच्या हाती बायबल देऊन ती सात वचने मोठ्याने वाचून घ्यावी.

जेरुसलेमच्या मंदिर-टेकडीच्या दक्षिण बाजूस दोन दरवाजे होते. मिश्ना या प्राचीन यहुदी ग्रंथात त्यांना हुल्दाचे दरवाजे म्हटले आहे, आणि लोक त्यांतून आत जात व बाहेर येत, असेही नोंदवले आहे. परंपरा त्यांचे नाव या संदेष्ट्रीशी जोडते. १९६८ पासून झालेल्या उत्खननात त्या बाजूच्या रुंद पायऱ्या उजेडात आल्या. पायऱ्या आज पाहता येतात. दरवाजे मात्र दगडांनी चिणलेले आहेत. ते दगड काढणे आपल्या हाती नाही. आपल्या वाचनग्रंथातील दरवाजा मात्र कोणा शत्रूने चिणलेला नाही. तो आपल्याच घरातला आहे, आणि तो उघडण्याची मागणी करणे हा आपला हक्क तर आहेच, पण प्रभुशब्द ऐकणाऱ्यांचे ते कर्तव्यही आहे.